धावपट्टीचे ऋण : ड्रॅग रेसिंगचा इतिहास यंत्रांचा नव्हे, जमिनीचा

१/ ड्रॅग रेसिंगचा इतिहास म्हणून जी कथा सर्वत्र सांगितली जाते, तिचा साचा ठरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील उनाड पोरे रस्त्यांवर मोटारी पिटाळू लागली. काही शहाण्या वडीलधाऱ्यांनी संघटना काढली, नियम केले, पोरांना वळण लावले आणि बेकायदा उद्योगाचा सभ्य क्रीडाप्रकार झाला. कथा सुबक आहे. ती अर्धी खोटी आहे.

२/ तिचीच उलटी आवृत्ती ‘फास्ट अँड फ्युरियस’ पाहून वाढलेल्या पिढीत लोकप्रिय आहे : खरी शर्यत रस्त्यावरचीच, संघटनेने आणि प्रायोजकांनी तिचा आत्मा मारला. पहिली आवृत्ती थोरांची फुशारकी, दुसरी तरुणांची. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. हा सारा पोरांच्या स्वभावाचा प्रश्न होता, असे दोघेही मानतात. शर्यत नेमकी कोणाच्या जमिनीवर भरत होती, हे दोघेही विचारत नाहीत.

३/ या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी एवढे पुरे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. खूण होताच उभ्या जागेवरून सुटतात आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, सरळ धावतात. वळण नाही, फेऱ्या नाहीत. निकाल काही सेकंदांत लागतो. ‘यात काय कौशल्य?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा निरखून पाहावे की गाडी पळवण्याइतकेच ती थांबवणे अवघड असते. पुढील सारा इतिहास त्या थांबण्यात अडकलेला आहे.

४/ युद्धापूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियातील वेगवेडे तरुण वाळवंटातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर जात. म्युरॉक हे त्यांतील सर्वांत नावाजलेले. १९३७ मध्ये त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापली. गाड्यांची तपासणी, वर्गवारी, घड्याळे, सारे काही होते. म्हणजे ‘बेशिस्त पोरांना युद्धानंतर शिस्त लागली’ हे विधान कालक्रमाच्या पहिल्याच परीक्षेत नापास होते. शिस्त त्यांनी स्वतःला आधीच लावून घेतली होती.

५/ मग म्युरॉकचे काय झाले? सैन्याने ते घेतले. ज्या सपाट तळावर फोर्ड रोडस्टर धावत, तिथे विमानतळ वाढला. तोच आजचा एडवर्ड्स हवाई दल तळ. ध्वनीचा वेग ओलांडणारे पहिले विमान १९४७ मध्ये तिथूनच उडाले. सरोवर गेले म्हणून कोणी आंदोलन केले नाही. शर्यतकार एल मिराज नावाच्या दुसऱ्या, लहान सरोवराकडे गेले.

६/ युद्धाने एका हाताने जे नेले, ते दुसऱ्या हाताने नकळत परत केले. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत जागोजागी काँक्रीटच्या धावपट्ट्या ओतल्या गेल्या होत्या. १९४५ नंतर त्यांतील कित्येक ओस पडल्या. लांब, रुंद, सपाट, वस्तीपासून दूर आणि कोणालाही नको असलेल्या. वाळवंटात दोन तास गाडी हाकत जाण्याऐवजी गावाबाहेरच्या धावपट्टीवर रविवारी जमणे शक्य झाले. सरोवराच्या तळावर मैलोन्‌मैल वेग वाढवता येई. धावपट्टीवर तेवढी लांबी नव्हती. म्हणून कमाल वेगाऐवजी ‘कमी अंतरात कोण आधी’ हा प्रश्न पुढे आला. खेळाचे स्वरूपच जमिनीने ठरवले.

७/ पहिली ठरवून घेतलेली ड्रॅग शर्यत म्हणून जिचा उल्लेख होतो, ती १९४९ मध्ये सांता बार्बराजवळच्या गोलेटा येथे झाली. फ्रॅन हर्नांडेझ आणि टॉम कॉब्स यांच्यातील ही पैज. जागा कोणती? युद्धात मरीन वैमानिकांचा तळ असलेल्या विमानतळालगतचा रस्ता.

८/ १९५० मध्ये सी. जे. हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांता आना येथे तिकीट लावून नियमित शर्यती सुरू केल्या. व्यावसायिक ड्रॅग स्ट्रिपांची वंशावळ इथून मोजतात. जागा : ऑरेंज काउंटीच्या विमानतळाचा काँक्रीटचा पट्टा.

९/ १९५५ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने (पुढे : एनएचआरए) आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे भरवली. बी-२९ बॉम्बफेकी विमानांच्या दलांना जिथे प्रशिक्षण दिले गेले, तोच हा तळ. पावसाने स्पर्धा उधळली आणि अंतिम फेऱ्या पुढे फिनिक्सला घ्याव्या लागल्या. त्याच सुमारास ‘रेबेल विदाउट अ कॉज’ प्रदर्शित होत होता; कड्याच्या दिशेने मोटारी हाकणारी पोरे पडद्यावर पाहून सारा देश हळहळत होता. देशभरातून ग्रेट बेंडला आलेली, हेल्मेट घालून तपासणीच्या रांगेत उभी असलेली पोरे कोणत्याही पडद्यावर नव्हती.

१०/ हा योगायोग फक्त कॅलिफोर्नियाचा नाही. हाफ मून बे, बेकर्सफील्डजवळचे फमोसो, फ्लोरिडातील ब्रुक्सव्हिल : युद्धकालीन विमानतळांची ही यादी ड्रॅग रेसिंगचीही यादी आहे. अटलांटिकपलीकडे इंग्लंडात १९६६ मध्ये सांता पॉड रेसवे सुरू झाला तो पॉडिंग्टनला, जिथून अमेरिकेची बी-१७ विमाने जर्मनीवर जात. नावातील ‘सांता’ कॅलिफोर्नियाच्या सांता आनाला दिलेला मान, ‘पॉड’ म्हणजे पॉडिंग्टन. युरोपातील या खेळाचे घर आजही तेच.

११/ यंत्रांकडे वळले तरी उत्तर तेच मिळते. पी-३८ लायटनिंग या लढाऊ विमानाच्या पंखाखाली जादा इंधनाची थेंबाच्या आकाराची टाकी असे. युद्धानंतर त्या टाक्या भंगारात आल्या आणि सरोवरांवरच्या पोरांनी त्यांत इंजिन नि चालक बसवून मोटारी केल्या. हवा कापण्याचे काम विमान कारखान्याच्या अभियंत्यांनी आधीच करून ठेवले होते.

१२/ सर्वांत सुंदर उदाहरण सुपरचार्जरचे. ड्रॅग मोटारीच्या इंजिनावर जो पन्हाळीदार पेटीसारखा भाग दिसतो, तो हवा दाबून आत कोंबतो. ही पेटी शर्यतीसाठी जन्मलेली नव्हे. जनरल मोटर्सच्या ६-७१ या डिझेल इंजिनाचा तो भाग. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. हे इंजिन ट्रकांत होते, बसगाड्यांत होते आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या होड्यांतही होते. दोन-स्ट्रोक डिझेलला स्वतःहून श्वास घेता येत नाही. त्याला हवा फुंकावी लागते. होडीच्या फुफ्फुसाला कोणीतरी फोर्ड आणि क्रायस्लरच्या इंजिनांवर बसवले.

१३/ आजच्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरवर त्याच जातीचा सुपरचार्जर असतो आणि त्याचे माप अजूनही ‘१४-७१’ असेच सांगतात. चौदा सिलिंडरांचे तसले डिझेल शर्यतकारांना कुठेही भेटत नाही. उरली आहे ती फक्त मोजण्याची पद्धत. भाषेत जसे मेलेल्या धातूंचे प्रत्यय उरतात, तसे हे.

१४/ इंधन नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जळण्यासाठी बाहेरची हवा फार थोडी लागते. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. नायट्रोमिथेनला केवळ १.७ भाग. साहजिकच तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते. आजची टॉप फ्युएल गाडी ५०० घनइंचांच्या, म्हणजे सुमारे ८.२ लिटरच्या इंजिनातून ११,००० अश्वशक्तीच्या आसपास काढते. धाव अर्ध्यावर येईतो स्पार्क प्लगांची टोके जळून गेलेली असतात. पुढचे अंतर इंजिन स्वतःच्या उष्णतेवर पेटत राहते. चालकाने पाय उचलेपर्यंत ते थांबवणारे दुसरे काही नसते.

१५/ आता संघटनेकडे. तिला न्याय दिलाच पाहिजे. वॉली पार्क्स हे ‘हॉट रॉड’ मासिकाचे पहिले संपादक. त्यांनी १९५१ मध्ये एनएचआरए स्थापली. १९५३ मध्ये पोमोना येथे जत्रेच्या मैदानातील वाहनतळावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, ती स्थानिक पोलिसांच्या पुढाकाराने. पोमोनाचेच पोलीस अधिकारी बड कून्स १९५४ मध्ये ‘ड्रॅग सफारी’ घेऊन निघाले. घड्याळे, ध्वनिक्षेपक आणि नियमांचे पुस्तक बरोबर घेऊन हे पथक गावोगाव शर्यत कशी भरवावी ते शिकवत फिरले. रोल बार, हेल्मेट, क्लचभोवतीचे पोलादी कवच यांच्या सक्तीने किती जीव वाचले असतील! हे सारे खरे आहे.

१६/ परंतु पोमोनातील पोलीस काय देत होते? उपदेश? उपदेश तर प्रत्येक गावचा पोलीस देत होता. पोमोनाच्या पोलिसांनी जागा मिळवून दिली. सफारी जिथे जाई तिथेही पहिला प्रश्न ‘पोरे सुधारतील का’ हा नसून ‘पट्टा कुठे आहे’ हा असे. जागा होती तिथे शिस्त रुजली. जागा नसलेल्या गावात तेच नियमांचे पुस्तक कागदच राहिले.

१७/ १९५७ चे प्रकरण या दृष्टीने वाचावे. फेब्रुवारीत लॉंग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर एमरी कुक यांनी नायट्रोवर ताशी १६६.९७ मैल वेग गाठला. लगोलग आधी काही स्ट्रिपचालकांनी आणि मग एनएचआरएने नायट्रोमिथेनवर बंदी घातली. सबब सुरक्षेची आणि खर्चाची. उत्साही इतिहासकार इथे संघटनेला खलनायक ठरवतात. संघटनेचे भाट तिला दूरदर्शी ठरवतात. वस्तुस्थिती साधी होती. गाड्या त्या पट्ट्यांत मावेनाशा झाल्या होत्या. पट्टे लांबवता येत नव्हते, म्हणून इंधन बदलले.

१८/ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडातील डॉन गार्लिट्स यांनी ब्रुक्सव्हिलच्या धावपट्टीवर नायट्रोवर ताशी १७६.४० मैल नोंदवले. कॅलिफोर्नियाने विश्वास ठेवला नाही; घड्याळेच चुकीची असतील, दलदलीत राहणाऱ्यांना मोटारींतले काय कळते, अशी भाषा झाली. गार्लिट्स यांनी आपल्या गाड्यांना ‘स्वॅम्प रॅट’, म्हणजे दलदलीतला उंदीर, हेच नाव देऊन टाकले. १९५९ मध्ये ते बेकर्सफील्डला आले. इंजिनांनी दगा दिला, विजेतेपद आर्ट क्रिसमन यांनी नेले. पण गर्दी कोणासाठी लोटली होती, हे सर्वांनी पाहिले. संघटनेने जे इंधन नाकारले होते त्यावरच हा मेळा भरला होता. १९६३ पासून बंदी सैल होऊ लागली. पुढच्या वर्षी गार्लिट्स यांनी ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला.

१९/ तंत्रज्ञानातील सर्वांत मोठी सुरक्षा-सुधारणाही नियमावलीतून आलेली नाही. मार्च १९७० मध्ये लायन्सवर ‘स्वॅम्प रॅट १३’ सुटता सुटताच तिचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्या काळी चालक इंजिनामागे, मागच्या चाकांच्या मधोमध बसे. जे काही फुटे ते त्याच्या अंगावर. रुग्णालयातील खाटेवर गार्लिट्स यांनी ठरवले की इंजिन पाठीमागे न्यायचे. आधी काहींनी हा प्रयोग केला होता, पण तशा गाड्या सरळ चालत नसत. स्टिअरिंगची संवेदनशीलता कमी केल्यावर ‘स्वॅम्प रॅट १४’ सरळ धावली. फेब्रुवारी १९७१ मध्ये तिने पोमोनाची विंटरनॅशनल्स जिंकली. काही हंगामांतच पुढे इंजिन असलेली टॉप फ्युएल गाडी जुनी झाली.

२०/ आणि ज्या लायन्सवर हे घडले, तिचे काय? १९५५ मध्ये बंदर भागातील लायन्स क्लबांनी पोरांना रस्त्यावरून हटवण्यासाठीच ती उभारली होती. पहिले व्यवस्थापक मिकी थॉम्पसन. समुद्रसपाटीची जड, थंड हवा. तिथे वेळा चांगल्या निघत. वस्ती वाढत वाढत कुंपणापाशी आली आणि आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. २ डिसेंबर १९७२ रोजी शेवटची शर्यत झाली. त्या रात्री लोकांनी हाताला लागेल ते आठवण म्हणून उचलून नेले.

२१/ सांता आना १९५९ मध्येच गेली होती. विमानतळाला आपला काँक्रीट परत हवा होता. ऑरेंज काउंटी इंटरनॅशनल रेसवे हे १९६७ मध्ये उभारलेले देखणे मैदान १९८३ मध्ये बंद झाले आणि त्या जागी अर्व्हाइनची कार्यालये उभी राहिली. एकेकाळी ज्या प्रदेशात रविवारी कोणत्या स्ट्रिपवर जावे असा प्रश्न पडे, तिथे शोधाशोध सुरू झाली.

२२/ इथे कोणी म्हणेल की वस्तीजवळ इतका आवाज कोण सहन करील. रास्त आहे. नायट्रो इंजिनाचा आवाज कानाने ऐकायचा नसतो, तो छातीत बसतो. शेजाऱ्यांचा राग समजण्याजोगा आहे. मात्र क्रम विसरू नये. बहुतेक ठिकाणी स्ट्रिप आधी होती, घरे नंतर आली. ज्यांनी घरे विकली त्यांनी आवाजासकटच जमिनीचा भाव ठरवला होता, आणि स्ट्रिप बंद होताच तो भाव चढला.

२३/ या संघर्षातील सर्वांत महत्त्वाचा माणूस बहुतेक लोकप्रिय इतिहासांत जेमतेम दोन ओळींचा धनी आहे. ‘बिग विली’ रॉबिन्सन : लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय, माजी सैनिक, धिप्पाड. १९६५ च्या वॉट्स दंगलीनंतर शहर वंशाच्या रेघांवर फाटलेले असताना त्यांनी रस्त्यावरच्या शर्यतकारांची बिरादरी बांधली, ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ स्ट्रीट रेसर्स’. काळे, गोरे, मेक्सिकन, आशियाई, टोळ्यांतली पोरेही एकाच रांगेत उभी राहिली. स्वतः विली आणि त्यांच्या पत्नी टोमिको उंच शेपटीच्या डॉज डेटोना गाड्या चालवत.

२४/ विली यांची मागणी एकच होती : जागा द्या. १९७४ मध्ये बंदराच्या टर्मिनल आयलंडवर ब्रदरहुड रेसवे सुरू झाला. महापौर टॉम ब्रॅडली यांचा पाठिंबा होता. नियम सैल, प्रवेश स्वस्त, जी गाडी असेल ती आणावी. आणि मग दोन दशके हीच रडकथा. बंदराला जागा हवी झाली की स्ट्रिप बंद. विली महापालिकेत खेटे घालून ती पुन्हा उघडवीत. १९९० च्या दशकाच्या मध्यात ती कायमची गेली. विली २०१२ मध्ये वारले, तोवर ते जागाच मागत होते. ‘रस्त्यावरची पोरे सुधारत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी या माणसाच्या अर्जांची चळत डोळ्यांपुढे आणावी.

२५/ शर्ली मुल्डाउनी यांचे उदाहरणही ‘पोरांचा स्वभाव’ या सिद्धान्ताला पुरून उरते. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीच्या रस्त्यांवर त्यांनी शर्यतीला सुरुवात केली. जवळपास स्ट्रिप मिळाली म्हणून त्या तिथे गेल्या. १९७३ मध्ये टॉप फ्युएलचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या महिला त्याच. १९७७, १९८० आणि १९८२ ची विजेतेपदेही त्यांची. रस्त्यावरचे गुन्हेगार आणि स्ट्रिपवरचे खेळाडू अशा दोन जाती नव्हत्या. माणसे तीच होती.

२६/ मग २१ जून २००८. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे पात्रता फेरीत स्कॉट कॅलिटा यांच्या फनी कारचे इंजिन शेवटच्या रेषेजवळ फुटले. वेग मंदावला नाही. थांबण्यासाठीचा रस्ता संपला, पुढचा वाळूचा पट्टा संपला, गाडी थांबली नव्हती. टॉप फ्युएलचे दोन वेळचे विजेते कॅलिटा त्यात गेले. पुढच्याच महिन्यात एनएचआरएने नायट्रोच्या दोन वर्गांसाठी शर्यतीचे अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणले. तात्पुरता उपाय म्हणून. तो आजही कायम आहे.

२७/ जुने चाहते यावर अजून चिडतात. पाव मैल हा त्यांना वेदवाक्यासारखा. तो तोडणाऱ्यांना ते भित्रे म्हणतात. त्यांनी साधे गणित करावे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १९५७ मध्ये ताशी १६६ मैलांना घाबरून इंधनबंदी झाली. १९९२ मध्ये केनी बर्नस्टाइन यांनी ३०० ओलांडले. वेग दुपटीच्या आत, पण शोषून घ्यायची ऊर्जा तितक्याच वजनाला तिपटीहून अधिक. रस्ता किती वाढला? बहुतेक स्ट्रिपांभोवती आता शेजाऱ्यांची कुंपणे, हमरस्ते आणि गोदामे आहेत. यंत्र वाढत गेले, जमीन वाढली नाही. १९५७ मध्ये इंधन कापले, २००८ मध्ये अंतर कापले. कारण एकच.

२८/ २००८ चा निर्णय योग्यच होता. मेलेल्या माणसापुढे ३२० फुटांची परंपरा काय कामाची? राग यायचाच असेल तर तो दुसऱ्या गोष्टीचा यावा. जॉर्जियातील अटलांटा ड्रॅगवे ही स्ट्रिप एनएचआरएच्या स्वतःच्या मालकीची होती. ती २०२१ मध्ये विकून बंद करण्यात आली. ज्या संघटनेची सारी प्रतिष्ठा ‘आम्ही पोरांना रस्त्यावरून मैदानात आणले’ या एका वाक्यावर उभी आहे, तिने मैदान विकले. इंग्लिशटाउनमधील ड्रॅग शर्यती २०१८ मध्येच थांबल्या होत्या. २०२३ मध्ये ह्यूस्टन आणि कोलोराडोतील बॅंडिमेअर गेली. शहरे पसरली, जमिनीचे आकडे फुगले, मालक कुटुंबे थकली.

२९/ याउलट टिकले काय ते पाहावे. पोमोना टिकली, कारण ती जत्रेच्या सार्वजनिक मैदानावर आहे. इंडियानापोलिस टिकली, कारण ती संघटनेने १९७९ मध्ये विकत घेतली आणि विकली नाही. सॅन दिएगोत १९९० च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठातील एका साथरोगतज्ज्ञाने रस्त्यावरच्या शर्यतींकडे आजार म्हणून पाहिले आणि स्टेडियमच्या वाहनतळावर कायदेशीर धावा सुरू करवल्या. औषध म्हणून त्याने लिहून दिले ते व्याख्यान नव्हते, डांबर होते.

३०/ रस्त्यावरच्या शर्यतीचे भक्त इथे टाळ्या वाजवतील, त्यांनी थांबावे. रस्त्यावर मरणारा दरवेळी शर्यतकारच नसतो. कधी तो चौकातून घरी निघालेला कोणी असतो, किंवा पदपथाच्या कडेला उभा असलेला सोळा वर्षांचा प्रेक्षक. स्ट्रिप उघडी असतानाही काहीजण रस्त्यावर धावतच होते, हेही खरे. जागा मिळाली की सगळे सुधारतात, असा दावा कोणी करू नये. पण जागा काढून घेतली की सगळे थांबतात, हा दावा अधिक खोटा आहे आणि धोरणे मात्र त्याच्यावर आखली जातात.

३१/ भारतात हा धडा लागू नाही असे समजू नये. चेन्नईजवळचे शोलावरम ही युद्धकालीन धावपट्टी. देशातील मोटार शर्यतींची कैक दशके तिथेच गेली. मद्रासच्या क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःची जमीन घेऊन ट्रॅक बांधला, म्हणून तिथला खेळ जिवंत आहे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत ड्रॅग शर्यती भरल्या, त्याही हवाईपट्टीवर. तिथे महागड्या गाड्यांचे मालक पोहोचतात. दीडशे सीसीच्या दुचाकीचा धनी पोहोचत नाही. तो रात्री दोन वाजता पश्चिम द्रुतगती महामार्गावर सापडतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘हुल्लडबाज’ असतो. १९४९ च्या कॅलिफोर्नियातील वर्तमानपत्रांनाही हीच भाषा येत होती.

३२/ चुकीचा इतिहास टिकून का राहतो, याचे एक कारण संग्रहालयांत आहे. गार्लिट्स यांची ‘स्वॅम्प रॅट ३०’ स्मिथसोनियनमध्ये आहे. त्यांचे स्वतःचे संग्रहालय फ्लोरिडात आहे. पोमोनाला वॉली पार्क्स यांच्या नावाचे आहे. गाडी जपता येते, पुसता येते, दिव्याखाली ठेवता येते. धावपट्टी तशी ठेवता येत नाही. म्हणून चाहत्यांच्या तोंडी इंजिनांचे आकडे असतात आणि सातबारा कोणाच्या नावावर होता, हे कोणालाच ठाऊक नसते.

३३/ लायन्सच्या चाहत्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात एका इमारतीत तिची सुरुवातीची रेषा पुन्हा उभारली आहे. ज्या जागी गार्लिट्स यांची गाडी दुभंगली, ती खरी जागा तिथून फार दूर नाही. तिथे आता बंदराचे कंटेनर रचून ठेवतात.